सामाईक जागेचा शिस्तकार : एड्सगर डाइक्स्ट्रा

चाळीत ज्याच्या त्याच्या खोलीचा केर जो तो काढतो. पण जिना, गच्ची आणि सामाईक मोरी कोणी झाडायची, यावरून वाद होतात. संगणकाच्या आतही नेमका हाच प्रश्न उभा असतो. एखादा प्रोग्रॅम संपला किंवा मध्येच बंद पडला, की त्याने स्वतःपुरती घेतलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टीम निमूटपणे परत घेते. तिथे वाद नसतो, कारण ती जागा दुसऱ्या कोणाची नसते. मात्र चार प्रोग्रॅम मिळून एकच जागा वापरीत असतील, तर त्यांतला एक गेला म्हणून ती पुसता येत नाही. उरलेले तिथे अजून काम करीत असतात. आणि सगळे निघून गेल्यावरही ती पुसली गेली नाही, तर कोणाच्याच उपयोगाची नसलेली जागा अडून राहते. साफसफाई लवकर झाली तर चालते काम बिघडते. झालीच नाही तर संगणक हळूहळू गुदमरतो.

सामाईक जागेत कोणी कधी पाऊल टाकावे, कोणी थांबावे आणि कोणी केर काढावा, या प्रश्नाला गणिताची शिस्त लावण्यात ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला, ते म्हणजे हॉलंडचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा. नकाशावरचा सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याच्या रीतीमुळे त्यांचे नाव अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु आजच्या संगणकात आणि मोबाइलमध्ये अनेक कामे एकाच वेळी एकमेकांच्या पायात पाय न अडकवता चालतात, याचे श्रेय त्यांच्या दुसऱ्या, तितक्याशा परिचित नसलेल्या कामाकडे जाते.

नाकारलेला व्यवसाय

एड्सगर वाइबे डाइक्स्ट्रा यांचा जन्म 11 मे 1930 रोजी रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, तर आई गणितात पारंगत; मात्र तिने कधी नोकरी केली नाही. लांबलचक आकडेमोडीपेक्षा नेटकी, थोडक्यात सुटणारी मांडणी श्रेष्ठ, हा संस्कार मुलाला आईकडून मिळाला. तो दहा वर्षांचा होऊन तीनच दिवस झाले होते, तेव्हा जर्मन विमानांनी केलेल्या बॉम्बवर्षावात रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख झाला. युद्धानंतर शाळा संपवताना या तरुणाच्या मनात कायद्याचा अभ्यास करून संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करण्याचे स्वप्न होते. परंतु गणित आणि विज्ञानातील गुण पाहून त्याला त्या वाटेकडे वळवण्यात आले, आणि लायडन विद्यापीठात त्याने सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे शिक्षण सुरू केले.

1951 मध्ये केंब्रिज येथे प्रोग्रॅमिंगचा तीन आठवड्यांचा एक अभ्यासक्रम झाला. तिथला एड्सॅक हा संगणक उभारणारे मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली तो चालत असे. या तीन आठवड्यांनी डाइक्स्ट्रा यांच्या आयुष्याची दिशा बदलली. मार्च 1952 पासून ते अॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून काम करू लागले. पुढे तीन वर्षे भौतिकशास्त्र की प्रोग्रॅमिंग, अशी त्यांची द्विधा मनःस्थिती होती. ज्याला धड शास्त्र म्हणता येत नाही, अशा कामात आयुष्य कसे घालवायचे, ही त्यांची चिंता होती. केंद्रातील त्यांचे वरिष्ठ अॅड्रियान व्हॅन वाइनगार्डन यांनी त्यांना समजावले, की संगणक तर आता राहणारच आहेत. मग या कामाला प्रतिष्ठित शास्त्राचे रूप देणाऱ्यांपैकी एक आपणच का होऊ नये? या एका भेटीने निर्णय झाला.

जगाला मात्र तो पटलेला नव्हता. 1957 मध्ये रिया डेबेट्स यांच्याशी विवाह करताना त्यांनी नोंदणीच्या कागदावर व्यवसाय म्हणून प्रोग्रॅमर असे लिहिले. असा कोणताही व्यवसाय अस्तित्वात नसल्याचे सांगून अधिकाऱ्यांनी तो अमान्य केला, आणि अखेर तिथे सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असे लिहावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे 1956 मध्ये, याच भावी पत्नीबरोबर अॅमस्टरडॅममध्ये खरेदीला गेले असता, एका कॉफीगृहाच्या सज्जात बसून, कागद-पेन्सिल न घेता, सुमारे वीस मिनिटांत त्यांनी सर्वांत जवळच्या रस्त्याची रीत मनातल्या मनात रचली होती. ती 1959 मध्ये प्रसिद्ध झाली.

न पकडता येणारी चूक

सामाईक जागेच्या प्रश्नाशी त्यांची गाठ पडली ती एक्स-1 या संगणकामुळे. त्याआधीच्या यंत्रांत एका वेळी एकच काम चाले. कागदी फितीवरून मजकूर वाचायचा असला, तर तो वाचून होईपर्यंत संगणक ताटकळत बसे. एक्स-1 च्या रचनाकारांनी त्यात नवी सोय केली. वाचक-यंत्र किंवा छपाई-यंत्र मोकळे झाले, की ते चालू कामात व्यत्यय आणून संगणकाचे लक्ष वेधून घेई. वेळ वाचणार होता. परंतु डाइक्स्ट्रा धास्तावले.

त्यांची धास्ती निराधार नव्हती. व्यत्यय कोणत्या क्षणी येईल हे आधी सांगता येत नाही. समजा, एका प्रोग्रॅमने सामाईक जागेतला आकडा वाचला, तो होता 7. त्यात एक मिळवून तो परत लिहिणार, इतक्यात दुसऱ्या कामाने डोके वर काढले. त्यानेही 7 वाचला, एक मिळवला आणि 8 लिहिला. आता पहिला प्रोग्रॅम जागा होतो आणि आपल्याजवळचा 8 पुन्हा लिहितो. भर दोनाची पडायला हवी होती, पडली एकाची. अशी चूक लाख वेळा होणार नाही आणि एखाद्या दिवशी अचानक होईल. आणि पुन्हा तीच परिस्थिती उभी करून तिचा छडा लावणे जवळपास अशक्य असते. तपासणी करून ती सापडेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही, हे डाइक्स्ट्रा यांच्या तेव्हाच लक्षात आले. अशी चूक संभवणारच नाही, अशी रचना मुळात करायची, हाच काय तो उपाय होता. बऱ्याच टाळाटाळीनंतर त्यांनी हे आव्हान स्वीकारले, आणि एक्स-1 साठी केलेल्या कामावरच 1959 मध्ये अॅमस्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

पाठोपाठ त्यांनी याप झोन्नेवेल्ड यांच्यासह अल्गोल 60 या भाषेचा कंपायलर पूर्ण केला. काम संपेपर्यंत दाढी करायची नाही, असा पण दोघांनी केला होता. ऑगस्ट 1960 मध्ये तो पुरा झाला. झोन्नेवेल्ड यांनी दाढी उतरवली. डाइक्स्ट्रा यांनी ती ठेवली.

सिग्नलचा हात

एकाच सामाईक जागेत एका वेळी एकानेच पाऊल टाकावे, हा नियम कसा पाळायचा? केवळ साध्या वाचण्या-लिहिण्याच्या सूचना हाती असताना दोन प्रोग्रॅमपुरते उत्तर डाइक्स्ट्रा यांचे सहकारी डेकर यांनी शोधले होते. कितीही प्रोग्रॅम असले तरी चालेल असे उत्तर डाइक्स्ट्रा यांनी 1965 मध्ये जेमतेम पानभर लेखात मांडले आणि ते बिनचूक असल्याचे सिद्धही केले. तरीही यात थांबलेला प्रोग्रॅम पुनःपुन्हा डोकावून पाहत राहतो आणि संगणकाचा वेळ खातो, ही उणीव होती. त्यावर तोडगा त्यांनी रेल्वेकडून घेतला.

एकेरी मार्गावर एक गाडी असताना दुसरीला आत सोडत नाहीत. सिग्नलचा हात आडवा राहतो आणि ती बाहेर थांबते. आडव्या-उतरत्या हाताच्या त्या सिग्नलला सेमाफोर म्हणतात. डाइक्स्ट्रा यांचा सेमाफोर म्हणजे सामाईक ठिकाणी ठेवलेला एक आकडा. आत शिरणाऱ्याने तो एकाने कमी करायचा; तो शून्य असेल तर झोपी जाऊन वाट पाहायची. बाहेर पडणाऱ्याने तो एकाने वाढवायचा आणि थांबलेल्यांपैकी एकाला जागे करायचे. या दोन क्रियांना त्यांनी पी आणि व्ही ही अक्षरे दिली, ती डच शब्दांवरून. व्ही म्हणजे वाढवणे. पी हे कमी करण्याचा प्रयत्न करणे या अर्थी त्यांनी स्वतः जोडून तयार केलेल्या शब्दाचे आद्याक्षर. डच न जाणणारे जगभरचे प्रोग्रॅमर आजही ही अक्षरे वापरतात.

सेमाफोरने एक प्रश्न सुटला, पण दुसरा समोर आला. आपल्याकडची वस्तू न सोडता प्रत्येकजण दुसऱ्याच्या वस्तूची वाट पाहू लागला, तर सगळेच कायमचे अडकतात. ही कोंडी समजावी म्हणून 1965 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत एक कोडे घातले. पाच संगणक आणि पाच फीत-यंत्रे होती त्यात. टोनी होअर यांनी पुढे त्याला गोल टेबलाभोवती जेवायला बसलेल्या पाच तत्त्वज्ञांचे रूप दिले. प्रत्येकाला दोन काटे हवेत, आणि दोघा शेजाऱ्यांमध्ये काटा मात्र एकच. सर्वांनी एकाच क्षणी डावीकडचा काटा उचलला, तर पाचही जण उपाशी राहतात.

आइंडहोव्हनची शिस्त

1962 मध्ये डाइक्स्ट्रा आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे एक्स-8 या संगणकासाठी त्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह ऑपरेटिंग सिस्टीम उभारली. संस्थेच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून ती टीएचई या नावाने ओळखली जाते. तिचे वर्णन 1968 मध्ये प्रसिद्ध झाले. सिस्टीमची रचना थरांची होती. प्रोसेसर कोणाला केव्हा द्यायचा हे सर्वांत खालचा थर ठरवी, त्यावरचा मेमरीची व्यवस्था पाही. आणि प्रत्येक थर पूर्ण तपासल्याशिवाय वरचा चढवायचा नाही, असा दंडक होता. चाचणीत केवळ किरकोळ चुका निघाल्या. सुमारे 500 सूचनांमागे एक, आणि प्रत्येक काही मिनिटांत सापडणारी.

या कामातला एक भाग साफसफाईच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. सिस्टीममधील प्रत्येक प्रक्रियेला एक घर नेमून दिलेले होते. काम नसेल तेव्हा ती तिथे असायची; काम आले की बाहेर पडायची आणि संपले की परतायची. एक काम करता करता दुसऱ्यांसाठी नवी कामे निर्माण होत. पण ती अनंत होत राहणार नाहीत, कुठेही काम पडून असताना सगळ्या प्रक्रिया घरी बसलेल्या आढळणार नाहीत, आणि अखेरीस प्रत्येक प्रक्रिया घरी परतेलच, हे डाइक्स्ट्रा यांनी तर्काने सिद्ध केले. पसारा आवरला जाईल, अशी केवळ आशा त्यांना पुरेशी वाटत नव्हती. त्यांना त्याची खात्री हवी होती.

या यशाची किंमत त्यांनी मोजली. विभागातल्या गणितज्ञांना या कामाची मातब्बरी वाटली नाही, त्यांचा गट टिकला नाही, आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांना नैराश्याने ग्रासले. त्यातून बाहेर पडण्यासाठी त्यांनी लेखणीचा आधार घेतला. संरचित प्रोग्रॅमिंगवरील त्यांची टिपणे याच काळातली. ती हातोहात जगभर पोचली आणि प्रोग्रॅम लिहिण्याची रीतच बदलून गेली. 1972 मध्ये त्यांना संगणकक्षेत्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

चालत्या घराची झाडलोट

1973 पासून ते बरोज या संगणक कंपनीचे संशोधक म्हणून आइंडहोव्हनजवळच्या न्यूनेन गावी, घरीच बसून काम करू लागले. आठवड्यातून एकदा, मंगळवारी दुपारी, विद्यापीठात मोजक्या सहकाऱ्यांची बैठक भरे. याच दशकात त्यांनी सामाईक मेमरीच्या साफसफाईचा सर्वांत अवघड प्रश्न हाती घेतला.

लिस्पसारख्या भाषांत प्रोग्रॅम मेमरीतले तुकडे एकमेकांना दुव्यांनी जोडतो आणि तोडतोही. ज्या तुकड्याकडे जाणारी एकही वाट उरली नाही, तो केर. तो वेचण्यासाठी मुख्य काम थांबवावे लागे. झाडलोट होईपर्यंत सगळ्यांनी बाहेर उभे राहायचे, अशी ती रीत. काम न थांबवता, त्याच मेमरीत वावरणाऱ्या दुसऱ्या प्रक्रियेने केर वेचावा, हे शक्य आहे का? अडचण उघड होती. सफाई करणारा एका खोलीतून पुढे गेला, की काम करणारा तिथली वस्तू दुसरीकडे ठेवू शकतो. आणि मग वापरातली वस्तूच केर समजून फेकली जाण्याचा धोका राहतो.

लेस्ली लॅम्पोर्ट, मार्टिन, स्कोल्टेन आणि स्टेफेन्स यांच्यासह डाइक्स्ट्रा यांनी तीन रंगांची युक्ती काढली. अजून न पाहिलेला तुकडा पांढरा, पाहिलेला पण ज्याच्या पुढच्या वाटा तपासायच्या राहिल्या तो करडा, आणि पूर्ण तपासलेला काळा. काम करणाऱ्यावर बंधन एवढेच, की नवा दुवा जोडताना त्याने समोरच्या पांढऱ्या तुकड्याला करडा रंग द्यायचा, म्हणजे सफाई करणाऱ्याची नजर त्यावर पडल्याशिवाय राहणार नाही. करडे संपले, की उरलेले पांढरे निःशंकपणे वेचायचे. ही रीत वाचायला सोपी वाटते. पण तिच्या आधीच्या एका मसुद्यात बारीकशी चूक राहून गेली होती. अशा चुकांविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या माणसाच्याही नजरेतून ती निसटली आणि इतर वाचकांनी ती दाखवून दिली. दुरुस्त केलेला लेख 1978 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात त्या चुकीची कहाणी लपवलेली नाही. आज गो या भाषेची सफाई-यंत्रणा हीच तीन रंगांची रीत वापरते.

ऑपरेटिंग सिस्टीमनीही आपापल्या परीने हा धडा गिरवला. 1983 च्या युनिक्स सिस्टीम फाइव्हमध्ये सामाईक मेमरी आणि डाइक्स्ट्रा यांचे सेमाफोर शेजारी शेजारीच नांदतात. तिथे सामाईक तुकडा निर्माण करणारा प्रोग्रॅम संपला, तरी तुकडा राहतो. कोणी तो काढून टाकण्याची सूचना दिली नाही, तर संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत तो तसाच पडून राहू शकतो. किती प्रोग्रॅम त्याला जोडलेले आहेत, याची मोजणी ऑपरेटिंग सिस्टीम ठेवते. काढून टाकण्याची सूचना आली, तरी तुकड्यावर केवळ खूण केली जाते. मोजणी शून्यावर आली, म्हणजे शेवटचा वापरणारा बाहेर पडला, की मगच तो नष्ट होतो. विंडोजमध्ये निराळ्या सूचनेची गरज नसते. शेवटच्याने हात सोडला की तुकडा आपोआप जातो.

सेमाफोर कमी करून आत शिरलेला प्रोग्रॅम आतच दगावला तर? मग बाहेरचे सगळे खोळंबतात, जणू किल्ली खिशात घेऊनच माणूस निघून गेला. अशा वेळी मृत प्रोग्रॅमने केलेली वजाबाकी आपोआप उलटवण्याची सोय युनिक्सने दिली. पुढे आलेल्या काही कुलपांत तर, आधीचा मालक आतच मरण पावला आहे, तेव्हा आतला पसारा तपासूनच वापर करावा, अशी सूचना पुढच्या प्रोग्रॅमला मिळते. कुलूप उघडून देणे सोपे. आतला मजकूर अर्धवट राहिला आहे का, हे मात्र ऑपरेटिंग सिस्टीमला कळत नाही. ते ज्याने रचना केली त्यानेच आधी ठरवून ठेवावे लागते.

या शिस्तीकडे काणाडोळा केला की काय होते, हे जगाने पाहिले आहे. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात थेराक-25 या किरणोपचार यंत्राने किमान सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली. त्यांतील काहींचा मृत्यू झाला. यंत्रातील अनेक कामे एकाच सामाईक मेमरीतील नोंदी पुरेशा बंधनाविना वाचत-लिहीत होती, हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. चालकाने ठराविक वेगाने दुरुस्ती टंकित केली तरच ही चूक घडे; म्हणूनच ती चाचणीत हाती लागली नव्हती.

लेखणी आणि वारसा

1984 मध्ये डाइक्स्ट्रा ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात रुजू झाले आणि 1999 मध्ये निवृत्त झाले. संगणकाचा हा आचार्य लिहीत असे तो शाईच्या पेनने, सुवाच्य अक्षरात. प्रत्येक टिपणावर आपली आद्याक्षरे आणि क्रमांक घालून त्याच्या प्रती ते मोजक्या स्नेह्यांना पाठवीत. ते पुढे आणखी प्रती काढीत. अशी 1300 हून अधिक टिपणे आज टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहातून कोणालाही वाचता येतात. त्यांची मते कडक होती आणि ती मांडताना ते कोणाची भीड ठेवीत नसत. प्रोग्रॅम आधी बरोबर सिद्ध करा आणि मग चालवा, हा त्यांचा आग्रह उद्योगजगताला अव्यवहार्य वाटला. बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीम आजही चाचण्या आणि दुरुस्त्यांवरच उभ्या आहेत. तरीही 2009 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सेल-फोर या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीम गाभ्याची अचूकता गणिताने सिद्ध केली, तेव्हा त्यांचा आग्रह अगदीच अशक्य नव्हता, हे दिसून आले.

2002 च्या आरंभी, कर्करोगाने आजारी असताना, ते पत्नीसह न्यूनेनला परतले आणि 6 ऑगस्ट 2002 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या 1974 मधील एका लेखाला पुरस्कार मिळाला होता. कितीही विस्कटलेल्या अवस्थेतून एकमेकांशी जोडलेली यंत्रे कोणाच्याही देखरेखीविना पुन्हा सुरळीत कशी होऊ शकतील, हा त्याचा विषय. दुसऱ्या वर्षापासून त्या पुरस्कारालाच डाइक्स्ट्रा यांचे नाव देण्यात आले.

ज्या व्यवसायाचे अस्तित्व विवाहनोंदणीच्या कागदाने नाकारले, त्यात आज जगभर लक्षावधी माणसे काम करतात. त्यांच्यापैकी कोणी सामाईक मेमरी वापरणारा प्रोग्रॅम लिहायला बसला, की डाइक्स्ट्रा यांनी विचारलेले प्रश्न त्याच्यापुढेही उभे राहतात : आत कोण आहे, शेवटी कोण बाहेर पडणार, आणि तो मध्येच गेला तर मागचे कोणी आवरायचे? त्यांची उत्तरे काम सुरू होण्यापूर्वी द्यावीत, नंतर नव्हे, एवढाच त्यांचा आग्रह होता.